सहा माणसांचा रस्सा

अक्काला साठ माणसांच्या खाली स्वयंपाक येत नसे. यात तिची काही चूक नव्हती. ज्या बाईने सव्वीस वर्षं कापणीच्या मजुरांना जेवू घातलं, तिच्या हाताला चमचा ठाऊक असायचं कारणच नाही. तिचं माप म्हणजे मूठ, आणि तिच्या मुठीला साठच माणसं कळत. घरी दोघींपुरतं करायची वेळ आली की ती खानावळीतलं उरलेलं पुढे ओढायची आणि म्हणायची, "आता या दोन पोटांसाठी वेगळं भांडं कशाला खरकटं करायचं?"

दोघी म्हणजे अक्का आणि तिची भावजय. भाऊ अक्का म्हणायचा आणि खानावळ भावाची होती, म्हणून ती गावाचीच अक्का झाली. भावजयीला चिमणी हे नाव मात्र अक्कानेच दिलेलं. लग्न होऊन घरात आली त्या दिवशी ताटात चार शितं घेऊन ती लाजत बसली होती. पुढे चिमणीने चांगलं अंग धरलं, दोघांनी उचलायची पातेली ती एकटीने उतरवायला लागली, एका मुलीची आई झाली, शेहेचाळीस वर्षांची झाली, पण नाव काही सुटलं नाही.

खानावळीत दोघींची कामं वाटलेली होती. पहिल्याच हंगामात एका सकाळी रश्शाच्या पातेल्यात अक्काने मीठ घातलं, आणि आपणही कामाच्या आहोत हे दाखवायला चिमणीनेही घातलं. साठ माणसं मुकाट्याने जेवली बिचारी, पण त्या दिवशी शेतात कापणी कमी आणि पाणी पिणंच जास्त झालं. संध्याकाळी भावाने निवाडा केला. पाणी आणि आच चिमणीची, मीठ आणि मसाला अक्काचा, आणि एकीने दुसरीच्या कामाला हात म्हणून लावायचा नाही. भाऊ जाऊन आता आठ वर्षं झाली होती, निवाडा तसाच राहिला. चिमणी आचेपाशी उभी असायची, अक्का तिच्या मागून यायची, मूठ उघडायची आणि बोलता बोलता पुढे निघून जायची.

हंगाम चाळीस दिवसांचा. डोंगरापलीकडून तीन-चारशे मजूर विळे पाजळून यायचे आणि त्या चाळीस दिवसांवर गावाचं वर्ष निघायचं. मजूर दाढ्या करायचे म्हणून न्हाव्याच्या दुकानात दुसरी खुर्ची आली. त्यांचे कपडे फाटायचे म्हणून शिंप्याने वरचा मजला चढवला. परत जाताना ते पोरांसाठी चपला आणि बायकांसाठी आरसे-कंगवे घ्यायचे म्हणून बाजाराच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानं होती. शेतात पिकायचं ते मालकाचं, पण त्या पिकावर गल्लीतला प्रत्येक जण थोडाथोडा जगत होता. हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात नव्हतं. जेवणाऱ्याला जसं आपण जेवतोय हे वेगळं सांगावं लागत नाही, तसंच ते चाललेलं.

मग यंत्र आलं. आधी एकच आलं, घराएवढं उंच, आणि सगळा गाव कामधंदा सोडून बघायला गेला. अक्काही गेली. शेकडो माणसांचं काम ते एकटं करत होतं आणि मागे नुसती धूळ उडत होती. अक्काने बराच वेळ बघितलं आणि चिमणीला विचारलं, "आणि हे जेवतं काय?"

"डिझेल," चिमणी म्हणाली.

"मग आपल्या काय कामाचं," अक्का म्हणाली आणि घरी आली.

दोन वर्षांत मधले बांध गेले, लहान शेतं मोठ्या शेतांत मिसळली, आणि चार यंत्रांनी चाळीस दिवसांचं काम पाच दिवसांत उरकलं. उगाच खोटं कशाला बोला, धान्य जास्त निघालं, वाया कमी गेलं, आणि शेकडो माणसांच्या कमरा वाचल्या त्या वाचल्याच. पण चारशे तोंडं गेली आणि त्यांच्या जागी यंत्रं चालवणारे चार जण आले. त्यांना पगार भरपूर होता आणि ते डबा घरून आणायचे. न्हाव्याने आधी दुसरी खुर्ची विकली, मग पहिली. शिंप्याने वरचा मजला भाड्याने द्यायला काढला, पण भाड्याने घ्यायला तरी माणूस हवा ना. गेल्या हंगामात खानावळीत रोज अकरा जण जेवले. अक्काने तरी साठांचंच केलं. गावातल्या कुत्र्यांना तेवढा तो हंगाम चांगला गेला.

गावापासून बसने पाऊण तासावर धान्याचा कारखाना उभा राहिला होता. शेतातला गहू मालट्रकांतून सरळ तिथे जायचा आणि चकचकीत पुड्यांत भरून बाहेर पडायचा. तीनशे माणसं कामाला होती आणि ती कारखान्याच्याच जेवणघरात जेवायची. हे कळलं तेव्हा अक्का म्हणाली, "म्हणजे जेवणारे संपले नाहीत. नुसते इथून उठून तिथे जाऊन बसलेत." जेवणघराला स्वयंपाकीण हवी असल्याचा कागद बस थांब्यावर लागला तोही तिनेच वाचला. वयाची अट पन्नासच्या आत. अक्का अठ्ठावन्नची. तिने आजूबाजूला बघितलं, कागद काढून घेतला, घडी घालून घरी आणला आणि चिमणीपुढे ठेवला.

"पहाटे पाचला काम सुरू," चिमणीने वाचलं. "म्हणजे तिथेच राहायचं. खोली देतात. घरी फक्त रविवारी."

"खोलीचं भाडं नाही, बघ खाली लिहिलंय."

"मी इथे काय विचारतेय आणि तुम्ही काय सांगताय, वन्स."

अक्काच्या मनात काय होतं ते सरळ सांगून टाकलेलं बरं. चिमणीने जावं असं तिला वाटत होतं. भाची शहरात परिचारिकेचं शिक्षण घेत होती, अजून दोन वर्षं बाकी होती, आणि अकरा जेवणाऱ्यांच्या जिवावर ते पुरं होणार नव्हतं. पोरीला अर्ध्यावरून परत बोलवायचं हे दोघींच्याही तोंडून निघत नव्हतं. आणि चिमणीने जाऊ नये असंही अक्काला वाटत होतं, तितकंच. तिचा स्वतःचा संसार दोन वर्षांत आटोपला होता. भाऊ गेला. त्यानंतर तिने सकाळी उठून पहिला शब्द जिच्याशी बोलावा असं माणूस जगात एकच उरलं होतं. पण हे बोलून दाखवायची त्या घरात रीत नव्हती. तिथे माया म्हणजे "जेवलीस का" आणि राग म्हणजे "जेवू नकोस मग".

शेवटी चिमणीचा अर्ज गेला आणि चाचणीचं बोलावणं आलं. चाचणीला सहा माणसांचा रस्सा आणि भात करून दाखवायचा होता. चाखायला जेवणघराचे साहेब आणि पाच कामगार.

"सहा?" अक्का म्हणाली. "सहा माणसांना काय पेल्यात शिजवायचं?"

तीन दुपारी चिमणीने सराव केला. पहिल्या दिवशी सहांच्या नावाखाली पंचवीस जणांचं झालं आणि शिंप्याला कुटुंबासकट बोलावून संपवावं लागलं. दुसऱ्या दिवशी घाबरून इतकं थोडं घातलं की पातेल्याचा तळच दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी मात्र जमलं. अक्काने आपल्या मुठीतला मसाला ताटात ओतून, त्याचे वाटे करून, चमच्याने मोजून सहा माणसांचं माप काढलं आणि चिमणीकडून शाळेतल्या पाढ्यासारखं घोकून घेतलं. "मी मध्ये येणार नाही," ती रोज बजावायची. "तुझं तू कर. तिथे मी नसणार आहे."

या तिन्ही दिवशी एक गोष्ट घडली आणि ती दोघींनाही दिसली नाही. चिमणी आचेपाशी उभी असताना अक्का कधी लाकडी फळीवरची परात घ्यायला, कधी मागचं दार लावायला म्हणून तिच्या मागून गेली, आणि जाता जाता तिचा हात मिठाच्या बरणीत आणि बरणीतून पातेल्यात जाऊन आला. ती तेव्हा भाचीच्या फोनबद्दल बोलत होती. चिमणीने मान वळवलीसुद्धा नाही. श्वास घेताना कोण लक्ष देतं? सरावातला रस्सा तिन्ही दिवस चवीला झकास झाला होता.

चाचणीच्या दिवशी दोघी सकाळच्या बसने निघाल्या. फाटकापाशी पहारेकऱ्याने चिमणीला आत सोडलं आणि अक्काला सोडलं नाही. पहारेकरी म्हणजे आपला न्हावी. निळा गणवेश, खांद्यावर पट्टी, आणि गालावर दोन दिवसांची दाढी.

"तू रे?" अक्का म्हणाली. "दुसऱ्यांच्या दाढ्या करून जन्म गेला आणि स्वतःची राहिली होय?"

"आठ तास उभं राहायचं असतं, अक्का. घरी गेलं की आडवं." त्याने तिला बाकावर जागा करून दिली. "पण पगार एक तारखेला होतो, खोटं बोलणार नाही. शिंपीसुद्धा येतोय पुढच्या महिन्यात. कामगारांचे डगले शिवायला."

"म्हणजे अख्खी गल्लीच आली म्हणायची इकडे."

"गल्ली येते, पण तशी नाही राहत," न्हावी म्हणाला. "तिकडे माझ्या दुकानात येऊन नुसतं बसणारेसुद्धा दहा असायचे. इथे कोणी बसत नाही. तुम्ही आज पहिल्या."

चाचणी दहाला सुरू झाली होती. फाटकाच्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं आणि बाकावरून ते स्वच्छ दिसत होतं. अक्का मनातल्या मनात स्वयंपाक करत होती. आता तेल तापलं. आता कांदा. आता मसाल्याचे चमचे, दोन सपाट आणि एक शीग लावून, विसरू नकोस गं बाई. पावणेअकरा झाले तसा न्हाव्याने आपला डबा उघडला, एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "डॉक्टरने मीठ तोडलंय. चव ना ढव. बायको म्हणते सवय होईल."

अक्काचा हात मांडीवर होता. तिला तो हात एकाएकी परका वाटला. या हाताने तीन दिवस काय केलं ते तिला तेव्हा दिसलं, पाठीमागून, जसं कुणा दुसऱ्या बाईला बघावं तसं. चिमणी आत आचेपाशी उभी होती आणि तिच्या मागून कोणी जाणार नव्हतं.

ती उठायला लागली. अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

कारण दुसरा विचार पहिल्याच्या पाठोपाठ आला होता. अळणी रस्सा साहेब एक घास घेऊन बाजूला सारणार. "कळवतो" म्हणणार आणि कळवणार नाहीत. मग बारा वाजता चिमणी या फाटकातून बाहेर येईल आणि दोघी घरी जातील. उद्या सकाळी ती मोरीपाशी भांड्यांचा आवाज करत असेल आणि अक्का तिच्यावर ओरडेल. कुणाचा काही दोष नाही. अक्काने काही केलंच नाही. फक्त बाकावर बसून राहायचं, एवढंच. आयुष्यभर उभं राहून कामं केलेल्या बाईला बसून राहणं कधी इतकं सोपं वाटलं नव्हतं.

न्हावी काहीतरी सांगत होता, ती हूं हूं करत होती. घड्याळात दहा पन्नास झाले, दहा पंचावन्न झाले. भाचीचा विचार तिने केला. शहरातल्या त्या वसतिगृहाच्या लोखंडी खाटेचा, उशाशी रचलेल्या पुस्तकांचा. तो विचारही तिने बाजूला ठेवला. लाज वाटली, पण ठेवला. करू काहीतरी, दुसरं बघू, असं ती स्वतःला म्हणाली, आणि ती खोटं बोलतेय हे तिला ठाऊक होतं.

तिला उठवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. साहेब नावाचा कोणी एक माणूस घास तोंडात घेऊन कपाळाला आठ्या पाडतोय, आणि समोर चिमणी उभी आहे, हात पुसून पुसून लाल झालेले, तिला आपलं काय चुकलं तेच कळत नाहीये, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं. सव्वीस वर्षांत किती हजार माणसांनी तिच्या हातचं पोटभर खाल्लं. त्या हाताला आज कोणी नावं ठेवणार, आणि तीही आपल्या पायी. हे काही अक्काला बघवेना.

"तुझा तो फोन आत लागतो का?" तिने न्हाव्याला विचारलं.

"जेवणघरात लागतो. पण कामाशिवाय लावायचा नाही, वरून हुकूम आहे."

"काम आहे. निरोप सांग. माझ्या भावजयीला म्हणावं, मीठ."

"मीठ काय?"

"मीठ. तिला कळेल."

"एवढ्यासाठी फोन लावू, अक्का? तीन अक्षरं नाहीत ती."

"वीस वर्षं हंगामात फुकट जेवलास तू माझ्याकडे," अक्का म्हणाली. "लाव."

न्हाव्याने फोन लावला. "जेवणघर? ती चाचणीला आलेली बाई आहे ना, तिला निरोप. मीठ. नाही, नाही, एवढाच. हो, मीठ." अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. अक्का पुन्हा बाकावर बसली. आता बसणं अजिबात सोपं नव्हतं. उशीर झाला असेल तर काय, असं तिला वाटत होतं, आणि झाला नसेल तर काय, असंही.

बाराला चिमणी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. अक्काने तिच्या हातातली पिशवी घेतली, न्हाव्याने दोघींना हात केला आणि त्या बस थांब्याच्या दिशेने चालायला लागल्या. रस्ता नवा, रुंद, सावली कुठे नाही.

"झालं?" अक्काने विचारलं.

"सोमवारपासून या म्हणाले."

अक्काने मान हलवली. जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. ऊन लागतंय असं दाखवत तिने कपाळावर हात धरला. "चवीचं काय म्हणाले?"

"सगळ्यांनी परत मागून घेतलं. साहेबांनीसुद्धा. रस्सा जरा पातळ झालाय म्हणाले, पुढे तेवढं सांभाळा."

अक्का रस्त्यातच थांबली. "पातळ? तुझा रस्सा? डोळे बांधून पाणी घातलंस तरी तुझं चुकायचं नाही. त्या साहेबाला रस्सा कशाशी खातात ते तरी माहीत आहे का?"

"पातळच झाला होता, वन्स. दोनदा वरून पाणी घातलं मी."

"कशाला?"

थांबा आला, पत्र्याच्या सावलीत दोघी टेकल्या. मग चिमणी समोरच्या मोकळ्या शेताकडे बघत म्हणाली, "उकळी आल्यावर चाखून बघितलं. तेव्हाच कळलं मीठ नाहीये. आणि घरी ते कसं पडत होतं तेही कळलं. बरणी हाताशी होती. पण हात पुढे जाईना."

"अगं, चिमूटभर मीठ ते."

"चिमूटभरच. पण घातलं की मी तिथली झाले, असं वाटायला लागलं. म्हटलं, वन्सना आठवलं तर त्या निरोप पाठवतील, मग घालू. नाहीच आला तर असंच पुढे करायचं आणि घरी जायचं. तोवर रस्सा दाटायला लागला, म्हणून पाणी घातलं. पुन्हा दाटला. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा तांब्या उचलला आणि फोन वाजला."

अक्का मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत होती आणि पुन्हा मारत होती. हे आपल्यापाशी ठेवता आलं असतं. चिमणीने विचारलं नव्हतं.

"मला पावणेअकरालाच आठवलं होतं," ती म्हणाली.

चिमणीने तिच्याकडे बघितलं.

"वीस मिनिटं नुसती बसून राहिले त्या बाकावर. तू नापास व्हावंस म्हणून." "मला तू जायला नको आहेस, चिमणे."

सव्वीस वर्षांत असलं काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं. चिमणीने तिच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि तो हात आपल्या हातात धरून ठेवला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "आणि तरी फोन केलात. म्हणून घातलं मीठ."

लांबून बस येताना दिसली. दोघींनी उठायला जरा वेळ लावला.